न बोलावलेली साक्षीदार

इस्त्रीवाल्या मावशींनी खून करून पळणाऱ्याला अगदी समोरून पाहिलं होतं. "तुम्ही धरलेला सुतार तो नव्हेच," हे त्यांनी सरकारी वकिलाला तोंडावर सांगितलं. "गरज पडली तर बोलावू," म्हणत त्याने त्यांची बोळवण केली आणि कोर्टात त्यांच्याबद्दल ब्रही काढला नाही. सुताराला जन्मठेप झाली. ते कळताच मावशींनी सुताराच्या बायकोला गाठलं आणि अपिलात आपली जबानी होईपर्यंत तिच्यासोबत वकिलांचे उंबरठे झिजवले. सुतार सुटला, तोवर त्याची लेक सासरी गेली होती.

मावशींना भेटायला आला तेव्हा तो म्हणाला, "त्या सरकारी वकिलाला तुमचं खरं वाटलं नसेल."

"वाटलं रे बाबा," मावशी म्हणाल्या, "म्हणूनच तर बोलावलं नाही."