पोर्तुगाल कोण होणार

पोर्तुगाल आमच्या वाट्याला आला तो दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे शहरात असं पसरलं की चांद्याच्या पोरांनी तो मुद्दाम मागून घेतला.

पन्नास सालानंतरची, गोव्याचा लढा ऐन तापला होता तेव्हाची ही गोष्ट. विद्यापीठ दर हिवाळ्यात एक अभिरूप जागतिक सभा भरवायचं. एकेका कॉलेजनं एकेक देश व्हायचं, त्या देशाच्या बाजूनं बोलायचं, ठराव मांडायचे, हात वर करून मतं द्यायची. मुलांना मुत्सद्देगिरी कळावी हा हेतू. शहरातली कॉलेजं आधी देश निवडत. अमेरिका, रशिया, इंग्लंड आणि अर्थातच भारत हातोहात खपत. उरलंसुरलं आमच्या चांद्यासारख्या जंगलातल्या कॉलेजांना. आदल्या वर्षी आम्ही आइसलँड होतो आणि दोन दिवस आम्हाला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. या वर्षी पोर्तुगाल उरला. वाटप करणारे गृहस्थ मिश्किल हसत म्हणाले, जमत नसेल तर राहू द्या, तुम्ही नुसते बघायला या. नुसतं बघायला येण्यासाठी मी छोट्या गाडीच्या लाकडी बाकावर दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत नव्हते. मी म्हटलं, जमेल.

मी मूल गावाच्या पुढच्या एका खेड्यातली. घरी धानाची शेती. सभेतला माझा जोडीदार चांद्यातल्या एका मुसलमान शिंप्याचा मुलगा. भाषण मी करायचं आणि प्रश्नांना उत्तरं त्यानं द्यायची, अशी आमची वाटणी होती, कारण त्याला राग येत नसे आणि मला फार लवकर येई. आमचे प्राध्यापक तरुण होते, उत्साही होते, आणि सोबत पत्नीला घेऊन येत, म्हणून तर मला घरून सोडत.

पण पोर्तुगालच्या बाजूनं बोलायचं काय? वाचनालयात शिळी वर्तमानपत्रं येत, त्यात त्यांची बाजू कशाला असेल? अडले की मी घरी जायची, तशी गेले. माझे बाबा गावच्या दंडारीत राक्षसाचं काम करत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं खेड्यातलं नाटक. पीक घरात आलं की दिवसा धानाच्या बांधीत राबणारी माणसंच रात्री देव आणि राक्षस होतात. बाबांचा राक्षस असा की बाया मनापासून शिव्या घालत, म्हातारे खडे मारत. दंडारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पहिली पत्रावळ बाबांची. एरवी आधी पाहुणे, मग पोरं. त्या दिवशी मात्र आई म्हणायची, रातभर लोकायच्या शिव्या खाऊन आले, आता त्यायले अन्न खाऊ द्या.

बाबांना गोवा कुठे आहे ते ठाऊक होतं, पोर्तुगाल नव्हतं. मी अडचण सांगितली. ते बैलाच्या गळ्यातली दोरी सैल करत होते, तसेच म्हणाले, "राक्षसाले थोडी वाटते का मी राक्षस आहो म्हणून? त्याले त्याचंच खरं वाटते. तू हासली का खेळ मेला."

एवढंच माझं शिक्षण. शहरातली मुलं नावडता देश झाली की डोळे मिचकावत बोलत. आपण तसे नाही बरं का, हे सभेला कळावं म्हणून स्वतःच्याच मुद्द्याला स्वतःच हसत. मी हसले नाही. उभी राहिले ती पोर्तुगाल होऊन. चारशे वर्षं आम्ही तिथे आहोत, म्हटलं. आमच्या माणसांच्या कबरी तिथे आहेत. तुमचं राज्य कालचं आणि तुम्ही आम्हाला पाहुणे म्हणता?  मग मागून कुणी ओरडलं, खुर्च्या सरकल्या आणि जो तो उभा राहिला. भारत झालेल्या मुलाला माझ्या एकाही मुद्द्याचं उत्तर सुचेना. गोवा आपलाच आहे हे मलाही ठाऊक होतं, माझाही जीव तिथे तुटत होता. म्हणून तर वाटत होतं की यानं मला धड हरवावं. तो नुसता ओरडत राहिला.

त्या गलक्यात माझा जोडीदार दोन प्रश्नांची शांतपणे उत्तरं देऊन बसला होता. माझ्यावर लोक नुसते ओरडले. त्याला मात्र कुणीतरी म्हणालं, तुमचे लोक गेलेत तिकडेच जा ना. त्यानं शेजारचा पेला उचलला. पाणी प्यायला आणि पेला जागेवर ठेवला.

शहरात बोभाटा झाला. हे खेळ हवेतच कशाला, मुलं बिघडतात, असं मोठमोठी माणसं म्हणू लागली. सभा चालू ठेवायची की कायमची बंद करायची हे ठरवायला विद्यापीठानं एक समिती बसवली आणि महिनाभरानं आम्हाला बोलावून घेतलं. सगळ्या कॉलेजांचे प्रतिनिधीही आले होते. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते, पांढरे केस, मऊ आवाज. मला ते आल्याआल्या आवडले होते, हेही कबूल करते.

त्यांनी सांगितलं की सभा वाचू शकते. समितीतले बहुतेक जण चालू ठेवायच्या मताचे आहेत. फक्त झाल्या प्रकाराबद्दल लेखी माफी हवी, म्हणजे बाहेरच्यांची तोंडं बंद होतील. टंकलेला कागद तयारच होता. मी हात पुढे केला. मनात म्हणत होते, वाचते आणि मग भांडते. अध्यक्षांनी कागद माझ्या हातावरून पलीकडे नेला आणि माझ्या जोडीदारापुढे ठेवला.

"तुम्ही नाही, बाई," ते म्हणाले. "तुम्ही पाठ केलेलं म्हटलंत. सही यांनी करावी."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एका वाक्यात त्यांनी मला बिनडोक ठरवलं होतं आणि त्याला गुन्हेगार, आणि दोन्ही किती गोड आवाजात. मी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते बोटातली अंगठी फिरवत होते. बाकीची मुलं समजुतीच्या सुरात सांगू लागली, एक सही तर आहे, सगळ्यांचं काम होईल, तुमच्यामुळे आमची सभा का बुडावी? त्यांचंही खोटं नव्हतं. मलाही ती सभा हवी होती. वर्षातून एकदा कुणीतरी आम्हाला उभं करून विचारायचं, तुमच्या देशाचं म्हणणं काय? एरवी आमचं म्हणणं विचारतो कोण?

माझा जोडीदार म्हणाला, "करून देतो ना बाई. का फरक पडते?" आणि त्यानं दौतीकडे हात नेला.

फरक पडत होता. त्याच्या बापाच्या दुकानात उद्या कुणी कापड टाकायला येईल आणि म्हणेल, तुझ्या पोरानं माफी मागितली म्हणे, काय केलं होतं? मी कागदावर तळहात दाबून ठेवला. चांगलं घोटलेलं पुस्तकी बोलणं तयार करून नेलं होतं, ते सगळं विसरले आणि घरचं तोंडात आलं.

"भाषण माह्यं होतं. पाठ नाई, माह्या मनानं लिवलेलं. माफी मांगाचीच असंल तं पोर्तुगालनं मांगावी, यानं काऊन?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे सभा बुडाली तरी चालेल का तुम्हाला? मी म्हटलं, बुडवायची की तारायची ते तुम्ही ठरवायला बसलात, तर आधी एक ठरवा. पुढच्या वर्षी पोर्तुगाल कोण होणार? ज्याला शिव्या खायच्या आहेत तो कोण? तो नसेल तर सगळे भारत होऊन एकमेकांना टाळ्या द्या, त्याला सभा कशाला म्हणायचं?

मी खोलीभर पाहिलं. रशिया झालेला खिडकीबाहेर बघत होता. अमेरिका आपल्या टाचणांत शोधू लागली. सभा हवी म्हणून आत्ता आम्हाला गळ घालणाऱ्यांपैकी एकाचाही हात वर गेला नाही.

तेव्हा माझ्या जोडीदारानं दौतीवरचा हात मागे घेतला.

"मी होतो ना," तो म्हणाला. "मागच्या खेपीले होतो, पुढच्या खेपीले बी मीच होतो. पर सही नाई करत आता."

अध्यक्षांनी कागद उचलून फाइलीत ठेवला आणि निर्णय कळवू म्हणाले. निर्णय काय झाला ते सांगून टाकते. सभा बंद केली. तुमच्यामुळे बंद पडली असं मला पुढे कितीतरी जण म्हणाले आणि प्रत्येकाला मी सांगितलं, हो, पडली. अशा सहीवर जगणारी सभा मला तेव्हा नको होती आणि आजही नको आहे.

आम्ही परतीची गाडी धरली. सिंदेवाही स्टेशनवर प्राध्यापकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, हो सर, हवं होतं. त्यांच्या पत्नीनं मान डोलावली, माझ्या बाजूनं.

मूलला बाबा बैलगाडी घेऊन आले होते. मी खिडकीतूनच घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांनी डब्यात बसलेल्या माझ्या जोडीदाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याले बी उतरव. उद्या जाईल चांद्याले." तो नको नको म्हणत होता, पण बाबांनी त्याची पिशवी केव्हाच बैलगाडीत टाकली होती.

घरी भात आणि लाखोरीचं वरण होतं. ओसरीवर पानं मांडली. मुसलमानाचं पोर पंगतीला बसतं आहे हे शेजारच्या कुंपणावरून दोघीतिघी बघत होत्या, बघोत बापड्या. आई सवयीनं पहिली पत्रावळ घेऊन बाबांकडे वळली. बाबांनी तिला हातानं पलीकडे दाखवलं.

"मले नाई. यंदा शिव्या त्यानं खाल्ल्या."

आईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग पहिली पत्रावळ त्याच्यापुढे ठेवली आणि भात वाढला.