छिन्नीमामांनी सोडलेली जागा

छिन्नीमामा कबरींवरच्या पाट्या कोरतात. चाळीस वर्षं हातोडा ठोकून कान गेलेत, त्यामुळे ते कुजबुजले तरी शेजारच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक खुर्चीत दचकतं.

त्यांची एक खोड आहे. मजकूर आधी खडूने लिहायचा, मग मयताच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत चक्कर मारायची आणि नंतरच छिन्नी लावायची. घरच्यांनी 'प्रेमळ' सांगितलं आणि शेजारी फिसकन हसले, की ओलं फडकं फिरलंच! आमच्या दफनभूमीत कितीतरी 'प्रेमळ' माणसं अशी 'वक्तशीर' होऊन पडली आहेत.

एका सोमवारी वृद्धाश्रमाचे मॅनेजर स्वतःचीच पाटी सांगायला आले. जिवंतपणी! ओल्या साबणासारखा तळवा त्यांनी मामांच्या हातात सरकवला. डोक्याला सुगंधी तेल इतकं, की कॉलरवर ओघळ.

"नाव, जन्मसाल," ते म्हणाले, "आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'खरा ख्रिस्ती'."

"तो शब्द मला बाहेर विचारावा लागेल," मामा गरजले.

"अहो, मी जन्मापासून ख्रिस्ती! माझं मीच सांगतोय ना?"

"तीच तर अडचण आहे साहेब. येशूच्या माणसांनी हे नाव स्वतः घेतलं नव्हतं. ती आपसांत भाऊ म्हणायची, शिष्य म्हणायची. ख्रिस्ताची माणसं, ख्रिस्ती, हे बाहेरच्यांनी पाडलेलं नाव. चर्चचे पाळक म्हणतात, बहुधा टिंगलीनेच. त्यांचं वागणं बघून लोकांनी चिकटवलं आणि मग ते मिरवण्याजोगं झालं."

"आणि ख्रिस्त म्हणजे काय, तेही शिकवा आता मला!"

"अभिषेक झालेला. तेल लावून नेमलेला." मामांनी कॉलरकडे पाहिलं. "तेलात तुम्ही कमी नाही, पण विचारावं लागेलच."

मॅनेजर हसले. दात तेवढे हसले. "विचारा की. फक्त तुमची मावशी आमच्याकडे आहे, एवढं लक्षात असू द्या. खाटांसाठी रांग लागलीय."

हे मात्र मामांना बरोबर ऐकू गेलं. आईमागे मावशीनेच त्यांना वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. मामांची खोली शिडीसारख्या जिन्यावर, म्हणून नाइलाजाने तिला तिथे ठेवलेलं. दर रविवारी भेटीच्या वेळेला मामा जायचे. पांढरीशुभ्र चादर, उशाशी फुलं. मावशी गप्प. त्यांना वाटायचं, वयाने बोलणं कमी झालंय.

मंगळवारी मामा वृद्धाश्रमात चौकशीला गेले. मंगळवारी तिथे कुणी येत नाही. दारातच लघवीचा असा भपकारा आला, की त्यांनी फडकं नाकाला लावलं. रविवारच्या चादरी कपाटात घडी घालून, कुलपात. खाटांवर नुसतं रबर, त्याला चिकटलेल्या पाठी. वाडग्यात दूध म्हणून जे होतं, त्यातून वाडग्याचा तळ दिसत होता आणि तळाशी माशी. मावशीला वळवलं, तर कमरेवर तळहाताएवढी जखम, पिवळी, वाहती. मामांना बाहेर नळापाशी जाऊन ओकावं लागलं.

तोंड धुऊन ते परत आले. प्रत्येक खाटेशी वाकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्यांचा आवाज! दोन गल्ल्यांत ऐकू गेला.

"मॅनेजर खरा ख्रिस्ती आहे का हो?"

कुणी भिंतीकडे तोंड केलं. एक म्हातारे गुरुजी म्हणाले, "हळू बोला, ते ऐकतील." मावशी मात्र मामांच्या कानाशी ओरडली, "मेल्या, दोन वर्षं लागली तुला मंगळवारी यायला?"

दगड वाहायच्या हातगाडीवर गादी टाकून मामांनी तिला भरदिवसा बाजारातून आणलं. लोक विचारत गेले, मावशी सांगत गेली. संध्याकाळपर्यंत गुरुजींची सून वृद्धाश्रमाच्या दारात उभी होती, मागोमाग आणखी चौघांची माणसं.

मावशी आता मामांच्या खालच्या, पाट्या कोरायच्या कारखान्याच्या कोपऱ्यात खाटेवर असते. नर्स रोज येऊन जखम धुते. "तुझ्या धुळीने मरेन मी," ती दिवसातून दहादा सांगते आणि मामा दहादा ऐकू न आल्याचं दाखवतात.

मॅनेजरांची पाटी तयार आहे. नाव, जन्मसाल, आणि खाली गुळगुळीत घासलेली, रिकामी जागा. ते तावातावाने आले, तेव्हा मामा म्हणाले, "बाहेरचं कुणी म्हणालं, की या. कोरून देईन."

खाटेवरून मावशी म्हणाली, "दगड भिंतीला लाव रे. बराच काळ इथेच राहायचाय तो."