नामदेवच्या चाली आणि आमची पहिली कॅसेट

बेंजो पार्टीत आठ लगीनसराया काढल्या की माणसाकडे किस्से साठतातच. मी तर खुळखुळे वाजवायचो. त्याला डोकं लागत नाही, त्यामुळे ऐकायला कान मोकळे.

पार्टी कडावची. बेंजोवर नामदेव, ढोलावर बबन, बाकी आम्ही चौघं. नामदेव भातलावणी करता करता स्वतःच्या चाली बांधायचा. वरातीत त्यातली एखादी सुरू केली की नाचणारे थांबायचे आणि सिनेमातलं गाणं मागायचे. "एकदा तरी माझ्या चालीवर कुणी नाचावं रं," असं तो म्हणायचा. मला फार वाईट वाटायचं. तेव्हा घरोघर टेप आले होते. म्हटलं, कॅसेटच काढू, आणि सगळ्या चाली नामदेवच्या!

*

मुंबईच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्टने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. बसून आम्ही जन्मात वाजवलं नव्हतं. ताल काही धरवेना. उभे राहिलो, तर सवयीने पाय चालायला लागले. माइक मध्ये आणि आम्ही वाजवत त्याच्याभोवती गोल गोल.

"अहो, आवाज येतोय आणि जातोय. कुठं निघालात?" रेकॉर्डिस्टने काचेमागून विचारलं.

"पायांना इचारा," बबन म्हणाला. "हात त्यांच्या मागनं जातात."

शेवटी चपला काढून जागच्या जागी पावलं टाकली, तेव्हा कुठे जमलं.

*

मग दुसरी पंचाईत. गाणं संपवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! वरातीत गाणं संपत नाही, मांडव आला की थांबतं. रेकॉर्डिस्ट बिचारा वाट बघून थकला.

"संपवा की आता."

"मांडव कुठं हाय?" नामदेव म्हणाला.

तो गृहस्थ उठला, आत येऊन आमच्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. पुढची सगळी गाणी आम्ही त्याच्यापाशी आणून संपवली.

*

कव्हरसाठी कर्जतच्या फोटोवाल्याने मागे काश्मीरचा पडदा लावला. नामदेव ऐकेना. "आमी कडावचे, कडावलाच काढा." मग वाद्यं घेऊन आम्ही शेतात, गुडघाभर चिखलात. आम्हाला फोटो भलताच आवडला. बबनच्या आईने तो निरखून पाहिला.

"फोटो काढायचा व्हता, तर पाय तरी धुवायचे."

*

नामदेवचे वडील बेंजोच्या नावाने बोटं मोडायचे. कॅसेट आली त्या दिवशी टेपसमोर मांडी घालून बसले. एक बाजू संपली. ते टेपकडेच बघत बसले. नामदेवचा चेहरा पार उतरला.

"बसलास काय?" म्हातारा म्हणाला. "उलटी कर ती."

*

पुढच्या लगीनसराईत लोधिवलीला वरात होती. नवऱ्या मुलाचा काका पुढे आला. "ओ बेंजोवाले, कॅसेटमधली ती चाल येते का?" आणि गुणगुणून दाखवली. नामदेवचीच! भाच्याने त्याला कोऱ्या कॅसेटवर भरून दिली होती, कव्हरावरचा आमचा फोटो काही काकाने पाहिलेला नव्हता.

आम्ही सुरू केली आणि अख्खी वरात नाचायला लागली. म्हाताऱ्या बाया, मुंडावळ्या सावरत नवरासुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली? नामदेव असा रंगला की चालीत नव्या हरकती घालायला लागला. काकांनी हात वर करून वाजवणं थांबवलं.

"तुमाला नीट जमत नाय. आमच्याकडं कॅसेट हाय. ती पार्टी बघा कशी वाजवते."

बबन तोंड उघडणार, तोच नामदेवने त्याचा दंड धरला आणि काकांपुढे मान लववली.

"चुकलं, काका. ती मानसं लय भारी हायेत. आता त्यांच्यासारकं वाजवतो."