फुटपाथवरच्या वाती

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. देव मानत नव्हते अशातला भाग नाही. मानत होते म्हणूनच तर रुसले होते. आदल्या वर्षी मी एका विद्यापीठात दंतवैद्यकाच्या निवड परीक्षेला बसले होते. त्यासाठी गुरुवार धरले, रोज स्तोत्र म्हटलं, आईने नवस बोलून ठेवला, आणि तरीही माझी निवड झाली नाही. त्या विद्यापीठात परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. म्हणून मी बायोमेडिकलच्या पदवीला प्रवेश घेतला आणि एकीकडे त्या दुसऱ्या, शेवटच्या संधीची तयारी करू लागले. "पदवी पूर्ण कर, दात काय पळून जातायत?" असं बाबा म्हणायचे. पण मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. तेराव्या वर्षी पुण्याहून फेल्डहोवन या डच गावी आले, त्याच महिन्यात सायकलवरून पडून माझा पुढचा दात अर्धा तुटला. भाषेचा एक शब्द येत नसताना इथल्या एका डेंटिस्टने मला पुन्हा तोंड उघडून हसायला लावलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच बसलं होतं.

माझं घोडं पेंड खात होतं ते आरशापाशी. डेंटिस्टला मागच्या दातांवर काम करायचं तर छोट्या आरशात बघून करावं लागतं. म्हणून निवडीच्या वेळी तुमचा हात झाकून ठेवतात, समोर आरसा ठेवतात आणि फक्त आरशात बघून एका चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला सांगतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. माझी पेन्सिल मात्र प्रत्येक कोपऱ्यावर उलटी जायची. जीवशास्त्रात उत्तम गुण, भाषेत उत्तम गुण, आणि चांदणी बघाल तर कोंबडीने पाय उमटवल्यासारखी. पुढच्या वर्षी कुणाकडून तरी नीट शिकून घेईन असं म्हटलं होतं, तर करोना आला. विद्यापीठ बंद, प्रयोगशाळा बंद, बाबा खालच्या टेबलावर, मी वरच्या खोलीत स्क्रीनसमोर. बाथरूमच्या आरशापुढे वही धरून मी रोज रेघा ओढायचे आणि रोज चिडायचे.

अशात अधिक महिना आला. देव्हाऱ्यात रोज तेहेतीस वाती लावायच्या असा नेम आईने माझ्यासाठी धरला. "माझ्यासाठी काही करू नकोस," मी म्हटलं, "मागच्या वर्षी काय मिळालं?" आई शांतपणे म्हणाली, "तू बोलत नाहीस ना त्याच्याशी? मग मी बोलते. तुझं काय जातंय?" पण पुण्याहून कुणी येत नव्हतं, त्यामुळे वातींचा कापूस संपत आला होता. इथल्या दुकानातला कापूस आईच्या हाताला लागेना. म्हणायची, याची वात वळत नाही, नुसती विस्कटते.

त्या दिवसांत सगळे घरात कोंडलेले, त्यामुळे जो तो माळे आणि कपाटं आवरत होता. नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून लोक दारासमोर ठेवायचे आणि वर 'ग्राटिस' लिहायचे, म्हणजे फुकट घेऊन जा. एका दुपारी आई फिरून आली ती असं एक खोकं कडेवर घेऊनच. "बघ, देवाला काळजी!" ती खालूनच ओरडली. "तयार वाती! अधिकस्य अधिकं फलम्!" माझं लेक्चर चालू होतं, मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने घरातला धुराचा अलार्म असा काही किंचाळू लागला, की मी आणि बाबा दोघेही धावलो. निरांजनात बोटाएवढी जाड वात उभी होती. तिने सगळं तूप पिऊन टाकलं होतं आणि ती मशालीसारखी पेटली होती. आई पदराने धूर हाकत होती आणि बाबा खुर्चीवर चढून अलार्मला गप्प करत होते.

मी खोक्यात पाहिलं आणि हसावं की रडावं कळेना. त्या वाती नव्हत्याच. दातावर काम करताना थुंकी शोषायला गालात जी कापसाची गुंडाळी ठेवतात, त्या गुंडाळ्या होत्या. पाकिटंच्या पाकिटं. आईला सांगितलं तशी ती मटकन बसली. "अगंबाई! दातांचा कापूस देवापुढे?" बाबा म्हणाले, "वापरलेला नाहीये ना, मग चालतंय." आई काही हसली नाही. ज्या घरासमोरून घेतलं त्या घरी परत देऊन ये, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, असं म्हणून तिने डब्यात अनारसे घातले. मी चपला घालताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की असला कापूस घरात कोण बाळगतं?

दार उघडलं ते पांढऱ्या आखूड केसांच्या एका उंच बाईंनी. मी डब्यासकट खोकं उंबऱ्यावर ठेवलं, मागे सरले आणि सगळी हकिकत सांगून टाकली. मशालीपर्यंत पोचले तेव्हा त्या दाराला धरून हसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण तुला कसं कळलं हे काय आहे ते?" मी सांगितलं. शेवटची संधी, आरसा, चांदणी, सगळंच. त्या आयुष्यभर डेंटिस्ट होत्या. काही वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला होता आणि आता उरलंसुरलं सामान काढून टाकत होत्या. अनारशांचा डबा उचलत त्या म्हणाल्या, "बुधवारी ये. मागच्या शेडचं दार उघडं ठेवीन. मास्क लाव."

मी त्यांना मेव्रौ म्हणायचे, आपल्याकडे 'बाई' म्हणतात तसं. शेडमध्ये दोन टोकांना आम्ही दोघी, मध्ये टेबल, टेबलावर प्लास्टरची बत्तिशी आणि छोटा आरसा. थंडीत बोटं आखडायची, तरी दार उघडंच. पहिल्याच दिवशी माझा हात बघून त्या म्हणाल्या, "तू आरशाशी भांडतेस. डावं म्हणजे उजवं, उजवं म्हणजे डावं, असा हिशोब करतेस आणि मग हाताला हुकूम देतेस. हिशोब सोड. आरसा दाखवतोय तिकडे हाताला जाऊ दे." बोलायला सोपं. मी मुळातच भांडकुदळ. आठवड्यामागून आठवडे हात अडत राहिला. "रुस्तिख," त्या म्हणायच्या. सावकाश. आणि एका बुधवारी, मी कशाचाच विचार करत नसताना, पेन्सिल कोपऱ्यावर आपसूक वळली. मी घाबरून थांबलेच. मेव्रौ म्हणाल्या, "थांबू नकोस. हेच ते."

त्या संध्याकाळी आई दिवा लावत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मागितलं काहीच नाही. इतके दिवस मी देवाशीही हिशोबच करत होते, इतके गुरुवार घे आणि इतके गुण दे, हे मला तेव्हा लख्ख कळलं. मी देवाला एवढंच म्हटलं, "तू दाखवशील तिकडे जाते." आईने माझ्याकडे पाहिलं आणि निरांजन जरा माझ्या बाजूला सरकवलं.

हिवाळ्याच्या शेवटी थोड्या थोड्या जणांना बोलावून परीक्षा झाली. मन शांत होतं. एका कोपऱ्यावर पेन्सिल निसटली, तिला मी निसटू दिलं आणि पुढे गेले. निकाल लागला तेव्हा झाडांना पालवी फुटत होती. माझा क्रमांक जागांच्या आत होता. जेमतेम, पण आत. आई देव्हाऱ्यापुढे रडली, बाबा चष्मा पुसत राहिले आणि मी धावत मेव्रौंकडे गेले.

त्या बागेत उन्हात बसल्या होत्या. त्यांची लस घेऊन झाली होती. मी सांगितलं. मला वाटलं अभिनंदन करतील. त्या उठल्या, शेडमधून आरसा आणून माझ्या हातात दिला, पुन्हा खुर्चीत बसल्या आणि तोंडावरचा मास्क काढला. इतक्या महिन्यांत मी त्यांचे ओठ नीटसे पाहिलेच नव्हते. जग एकमेकांच्या श्वासाला भीत होतं, आणि या बाईंनी मान मागे टेकवली, डोळे मिटले आणि माझ्यापुढे, अजून काहीही न शिकलेल्या मुलीपुढे, आ केला.

यशोदेला बाळाच्या उघड्या मुखात ब्रह्मांड दिसलं म्हणतात. मला दिसल्या झिजलेल्या दाढा, जुनी काळी पडलेली फिलिंग्ज आणि एक सोन्याची टोपी. पण समोरचा हात काय करील याची खात्री नसताना डोळे मिटून बसणं म्हणजे काय, ते मी त्या खुर्चीत पाहिलं. वर्षानुवर्षं मी देवाला 'तुला शरण आले' म्हणायचे, पण तेव्हा माझे दात घट्ट आवळलेले असायचे. माझे डोळे भरून आले, आरसा धूसर झाला. मेव्रौंनी डोळे न उघडता हाताने खूण केली, सावकाश. मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि वाकून बघू लागले.