बियाला राखलेलं शिराळं

आमच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीतल्या खिळ्याला एक वाळकं शिराळं, म्हणजे दोडका, दोन वर्षं लटकत होतं. पाहुण्यांना वाटायचं, ते अंग घासायला ठेवलंय. खरं तर माझ्या सासूबाईंनी बियाला राखलेलं ते शेवटचं शिराळं. उमेळ्याची आमची वाडी गेली, तिथे बिल्डिंग उभी राहिली आणि पाठोपाठ सासूबाईही गेल्या. उरलं ते हे शिराळं, आणि ते रोज कानाशी धरून आतल्या बियांचा आवाज ऐकणारे माझे सासरे.

वेलीला धरलेलं पहिलं फळ सासूबाई कधी काढू देत नसत. जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधली की ते बियाचं झालं. मग घरातलं कोणी विळी घेऊन तिकडे फिरकायचं नाही. एका वर्षी चिंधी बांधायला मी हात पुढे केला. "तुला सगळ्याची घाई," म्हणाल्या आणि स्वतःच बांधली. मी देशावरून आलेली, तोंडाने फटकळ, नाकावर राग. एवढ्याशा चिंधीवरून मी किती वर्षं अढी धरून बसले, ते आठवलं की आता लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात त्या शिराळ्यातलं निम्मं बी राजोडीच्या नणंदेला दिलं. तिच्या सासरी अजून वाडी आहे. बी थेट जमिनीत पेरलं, छान उगवलं आणि दोन दिवसांत गोगलगायींनी फस्त केलं. म्हणून थंडी सरताना सासऱ्यांनी ठरवलं, उरलेलं बी घरातच रुजवायचं आणि रोपं जरा मोठी झाली की राजोडीला न्यायची. बी पाण्यात टाकलं. पोकळ ते वर तरंगलं, आणि तळाला बसलं फक्त नऊ. भिजलेलं बी परत ठेवून देता येत नाही. म्हणजे आता नाही उगवलं, तर सासूबाईंचं शिराळं संपलं.

प्लॅस्टिकच्या पिशव्या सासऱ्यांना चालणार नव्हत्या. "पिशवी काढताना मूळ दुखावतं. दुखावली की वेल धरत नाय," असं त्यांचं म्हणणं. रोप कुंडीसकट पुरता आलं पाहिजे. मी मोबाईलवर व्हिडिओ शोधले. त्यातली बाई म्हणे, टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी घ्या. आमच्याकडे बादली आणि मग. नळ्या काय शेजारी मागायला जाऊ?

शेवटी रद्दी काढली. स्टीलच्या पेल्याभोवती कागद गुंडाळायचा, खालचं टोक आत दुमडायचं, पेला ओढून काढायचा, की झाली कुंडी. पण सासरे प्रत्येक पान आधी चष्मा लावून बघायचे आणि श्रद्धांजलीचे फोटो असलेली पानं बाजूला काढायचे. "मेलेल्या मानसाचं तोंड चिखलात घालू नये," म्हणाले. या कामामुळे सकाळभरात त्यांच्या जेमतेम तीन कुंड्या झाल्या, त्याही लुळ्या. पाणी घातलं की बसतील असं मला वाटलं. मी भाताची दाट पेज घेतली आणि मी वळलेल्या सहा कुंड्यांना आतून बाहेरून दोन हात फासून उन्हात वाळवल्या. अशा कडक झाल्या की वाजवून घ्याव्यात.

सासऱ्यांनी एकीवर नख मारून पाहिलं. "मूळ भाईर कसं येनार, बाय?"

"येईल हो!" मी खेकसलेच. "तुमच्या तर रिक्षातच फुटतील."

सहा बिया माझ्या कुंड्यांत गेल्या, तीन त्यांच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेले तर लादीभर माती. पाइपावरून उंदीर आला होता. पेजेच्या वासाने त्याने माझ्या सहाच्या सहा कुंड्या कुरतडल्या होत्या आणि बियांची नुसती टरफलं ठेवली होती. सासऱ्यांच्या तीन लुळ्या कुंड्यांना त्याने तोंडही लावलं नव्हतं. अति तिथे माती म्हणतात, तशी माती झाडूने गोळा करत बसले. स्टेशनजवळच्या दुकानात शिराळ्याचं बी मिळतं. नव्या कुंड्या करून ते घातलं तर कोणाला कळणार आहे? हे खरोखर माझ्या मनात आलं. पण आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना मला रडू आवरेना.

ते गॅलरीत आले. वाकून टरफलं बोटाने उलटून पाहिली. मग हळूच म्हणाले, "तुझ्या सासूला नको सांगू," आणि गालात हसले. मला आणखीच रडू आलं.

तीन बियांतून दोन रोपं उगवली. एक चार दिवसांत मान टाकून गेलं. उरलेल्या एकाला सासरे बोटाने थेंब थेंब पाणी द्यायचे. कागद भिजून मऊ झाला आणि त्यातून पांढरी मुळं बाहेर डोकावू लागली. तेव्हा ती कुंडी त्यांनी मांडीवर घेतली आणि आम्ही दोघं रिक्षाने राजोडीला गेलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटले. कुंडी फुटली नाही. तशीच कागदासकट जमिनीत बसवली.

नणंदेने मांडव घातला होता. दीड-दोन महिन्यांनी तिचा फोन आला, "पहिलं धरलंय, बाबांना घेऊन ये."

शिराळं वीतभर होतं. सासऱ्यांनी त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं. मग सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली लुगड्याची चिंधी काढली. घरातून निघताना खिशात घातली असणार, मला पत्ताही नव्हता. मला वाटलं आता बांधतील. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"तू बांध. पुढं तुलाच राखायचं हाय."

सुटायला नको म्हणून मी देठाला चांगल्या दोन गाठी आवळल्या.

"ढिली, बाय," ते म्हणाले. "अजून वाढायचं हाय ते."

मी गाठी सोडल्या आणि परत बांधल्या.