प्लेनो ते डब्लिन, बाबांची कॅसेट घेऊन

दोन आठवडे झाले, मला धड झोप नाही. बाळामुळं नाही, बाळ छान झोपतंय. बाबांच्या कॅसेटची सुरुवातीची सात मिनिटं माझ्या हातून पुसली गेली, म्हणून. माझ्या भावाला, दिलीपला, मी अजून सांगितलेलं नाही. पण आपल्या वहीचा नियम आहे, जो बैठकीला जाऊन येईल त्यानं प्रवास लिहायचा, म्हणजे पुढच्याला रस्ता, खाणं, खर्च कळतो. म्हणून पहिल्यापासून लिहिते. मी सातवी शिकलेली. चुका सांभाळून घ्या.

वही पहिल्यांदाच हातात आली असेल तर सांगते. वर्षातून एकदा गाण्याची आवड असलेली आपली माणसं कुणाच्या तरी घरी जमतात. प्रत्येक घरानं आपली एकच आवडती रेकॉर्ड नाहीतर कॅसेट आणायची, तिची एक बाजू लावायची, आणि ती का आवडते ते सांगायचं. बैठक झाली की कॅसेटची पेटी आणि ही वही घरोघर फिरते. यंदा बैठक ओहायोत डब्लिनला, वसंतकाका आणि मालतीकाकूंकडं होती.

हे म्हणाले, जाऊ या. मी म्हणलं, हजार मैल? आठ महिन्यांचं बाळ घेऊन? मला इथं प्लेनोत दुधाच्या दुकानात जायची भीती वाटते, पोरगी पिंकी चार वर्षांची, ती माझं इंग्रजी बोलून देते. हायवेवर गाडी बंद पडली तर मी कुणाला काय सांगू?

"मी आहे ना," हे म्हणाले.

"आणि तुम्हालाच काही झालं तर?"

"मग पिंकी आहे."

आम्ही शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. कूलरमध्ये दशम्या, तिखट पुऱ्या, लसणाची चटणी आणि दहीभात. पुढच्यांना सांगते, दशम्या दुधातच भिजवा, दोन दिवस मऊ राहतात. पुऱ्या दुसऱ्या दिवशी चामडं होतात. बाटल्यांसाठी उकळलेलं पाणी थर्मासमध्ये घ्या. टेक्सास संपेपर्यंत मी खिडकीच्या वरची मूठ सोडली नाही. मोठे ट्रक बाजूनं गेले की गाडी हलायची आणि मी डोळे मिटायची. हे पंचावन्नच्या वर जात नव्हते, तरी मी म्हणायची, हळू.

आर्कान्सामध्ये रस्ता सरळच्या सरळ, दोन्हीकडं झाडं. रेस्ट एरिया स्वच्छ आहेत, तिथंच जेवा. दुपारी एक म्हातारी अमेरिकन बाई आमच्या टेबलापाशी आली, चटणीकडं बोट दाखवून काहीतरी बोलली. पिंकीनं तिला पुरीला लावून दिली. बाई लाल झाली, खोकली, आणि अजून मागितली. मी दिवसभरात पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी मिसिसिपी ओलांडली. एवढं पाणी बघून मला बरं वाटलं, का ते माहीत नाही. मेम्फिसच्या बाहेर मोटेल मिळालं, चोवीस डॉलर. मालकीण गुजराती निघाली. तिनं न मागता बाळासाठी दूध गरम करून दिलं. दुसऱ्या दिवशी नॅशव्हिल, लुईव्हिल, सिनसिनाटी. हा पल्ला लांब आहे, लहान मूल असेल तर मध्ये अजून एक मुक्काम करा, आमच्यासारखी घाई करू नका. सिनसिनाटीच्या पुलावर पिंकी ओकली. बाकी ठीक.

माझ्या पर्समध्ये कॅसेट होती, रुमालात गुंडाळून. तिचं सांगते. माझे बाबा परतवाड्याला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पस्तीस वर्षं. दोन वर्षांमागं त्यांचे पुढचे दात काढायचं ठरलं. पुढचे दात गेले की क्लॅरिनेट धरता येत नाही. दिलीप तेव्हा कॅलिफोर्नियातून सुट्टीवर गेला होता. त्यानं मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि दात काढायच्या आदल्या दिवशी बाबांना वाजवायला बसवलं. सुरुवातीला बाबा म्हणतात, "घे गं सुमे, हे तुझ्यासाठी." मग वरात निघतानाची त्यांची स्वतःची धून. एकच कॅसेट. दिलीपनं ती मला दिली. म्हणाला, "ताई, तुझ्याकडं राहू दे. आम्ही चौघं एका खोलीत, कोण कशावर काय भरेल सांगता येत नाही."

वसंतकाकांकडं तीसेक माणसं होती. काकूंनी मला आत नेलं, बाळाला घेतलं, म्हणाल्या, "तू आधी पाय पसर." मटकीची उसळ, भात, आणि आइस्क्रीमच्या डब्यातून श्रीखंड. बेसमेंटमध्ये जाजम घातलेलं. वसंतकाका दारात उभं राहून सांगत होते, "बाजू सुरू झाली की संपेपर्यंत उठायचं नाही. बोलायचं नाही. खोकला आला तर वर जायचं."

त्यांची चौदा वर्षांची मोना म्हणाली, "डॅड, इट्स नॉट अ टेम्पल."

"तुझ्या खोलीत वाजतं ते तरी काय आहे?"

"म्युझिक!"

पाहुण्यांतल्या प्रभाकरकाकांनी नाट्यगीतांची जुनी रेकॉर्ड आणली होती. खरखर खूप, पण ते डोळे मिटून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते. नितीन म्हणून नागपूरचा एक पोरगा, इथं एम.एस. करतो, त्यानं इंग्रजी गिटारची रेकॉर्ड लावली आणि भांडणच लागलं. नितीन म्हणे, अख्खा अल्बम एका दमात ऐकायचा, मधलं गाणं वगळलं तर अर्थ राहत नाही यार. प्रभाकरकाका म्हणे, मग थाळीतलं कारलंही खातोस का? काकू म्हणाल्या, "मी केलेलं खातो. विचारा त्याला."

माझी पाळी आली तेव्हा मी रुमाल सोडून कॅसेट बाहेर काढली. नितीननं कॅसेट बघितली आणि म्हणाला, "ताई, ह्याच्या वरच्या दोन बारक्या पट्ट्या तोडा. मग चुकून पण ह्याच्यावर काही भरलं जात नाही. दोन सेकंदाचं काम. मी तोडू?"

मी कॅसेट मागं ओढली. म्हणलं, "बाबांची वस्तू आहे. मी मोडू देणार नाही."

मी सांगितलं, बाबा बँडमध्ये होते. प्रभाकरकाका शेजारच्याला म्हणाले, हळू, पण मला ऐकू आलं, "लग्नातला बँड? तो कोण बसून ऐकतो?"

मी वसंतकाकांच्या टू-इन-वन टेपमध्ये कॅसेट घातली.

कोणी खोकलं नाही. मी जाजमाकडं बघत होते. बाजू संपली. मग प्रभाकरकाका म्हणाले, "पहिल्यापासून लाव बेटा. परत."

मी कॅसेट मागं नेली. सगळे माझ्याकडं बघत होते. आमच्या घरच्या मशीनचं सुरू करायचं बटण एकटं खाली राहत नाही, शेजारचं पण सोबत दाबावं लागतं. हाताला तीच सवय. मी दोन्ही दाबली. तिथलं शेजारचं बटण लाल होतं, आवाज भरायचं.

आवाज आला नाही, पण कोणाचं लक्ष कुठं होतं! सगळे एकदम बोलायला लागले. प्रश्न माझ्यावर. मी उत्तरं देत होते, मी! मग काकूंनी वरून हाक मारली, चहा झाला. वसंतकाकांनी मशीन बंद केलं. परत ऐकायचं राहूनच गेलं.

येताना रस्ता मला तेवढा लांब वाटला नाही. ट्रक आले तरी मूठ धरली नाही. ह्यांना मी सांगत होते, कोण काय म्हणालं ते, पुन्हा पुन्हा. हे म्हणाले, "एवढं बोलताना मी तुला लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतोय." पेट्रोल, मोटेल, सगळं धरून जाऊन-येऊन पावणेदोनशेत झालं. डबा घरचा, म्हणून.

घरी आल्यावर संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन मी कॅसेट लावली. बाबांचा आवाज यायच्या जागी खडखड. मग प्रभाकरकाका.

"अगं, पण हा माणूस श्वास कुठं घेतो?"

पिंकी ओरडली, "आई, दॅट्स यू!" कारण पुढं माझाच आवाज होता. "गालात हवा धरतात, आणि नाकानं घेतात. नळीनं पाण्यात बुडबुडे काढत शिकले. गुरू नाही. वरातीत चालता चालता वाजवायचं असतं, थांबून श्वास घेतला तर घोडा पुढं जातो." मग सगळ्यांचं हसणं. प्रभाकरकाकांचं सगळ्यात मोठं. नितीन म्हणतोय, "ह्या माणसाचा अल्बम का नाही यार?" मोना म्हणतेय, "प्ले इट अगेन." मग प्रभाकरकाका, "मी मघाशी एक वाक्य बोललो, ते मी परत घेतो." मग काकूंची चहाची हाक. खट. आणि धून, अर्ध्यातून.

"घे गं सुमे" गेलं. ते कुठंच नाही आता. बाबांना परत म्हणायला लावता येईल, पण त्या दिवशी त्यांचे दात होते, बोलणं वेगळं होतं.

मी खूप रडले. पण खरं सांगते, त्यानंतर ती कॅसेट मी रोज लावते. पिंकी तीच मागते, "बोलणारी". गावात कोणी विचारलं तर मी सांगायची, बाबांची नोकरी आहे. ह्या कॅसेटवर मी तीस माणसांसमोर सांगतेय ते काय करायचे, आणि माझा आवाज कुठंच बारीक होत नाही. डब्लिनला जा. भीती वाटली तरी जा. नदी ओलांडली की कमी होते.

ह्यांनी कॅसेटची एक कॉपी काढून घरी ठेवलीय. मूळची पेटीत ठेवतेय, पेटी आता कॅलिफोर्नियात सनीव्हेलला जातेय. दिलीप तिथून जवळच शिकतो. मी रोज फोन उचलते, आकडे दाबते आणि ठेवून देते. तो मला रागावणार नाही, गप्प बसेल, आणि तेच मला सहन होणार नाही.

म्हणून ही वही वाचणारे तुम्ही जे कोणी असाल, काका, काकू, कोणीही, दिलीपला फोन करा. नंबर शेवटच्या पानावर लिहिलाय. सहानंतर तो खोलीवर असतो. आधी काही सांगू नका. कॅसेट सुरू करा, फोन मशीनजवळ धरा, आणि धून संपेपर्यंत धरून ठेवा. मग म्हणा, ताईनं केलंय, चुकून. म्हणा, वरच्या दोन्ही पट्ट्या तिनं आता स्वतःच्या हातानं तोडल्यात. तेवढा फोन करा.