गॅझेटिअरांमागचं नाटक

ग्रंथालयातले शिपाईमामा कधी हळू बोलत नसत. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ते ओरडायचे, "काय हुपरी, यष्टी चुकली व्हय?" हुपरीहून रोज कोल्हापूरला येणारी आणि इतिहासासोबत इंग्रजी वाङ्मय घेतलेली मी वर्गात एकटीच.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि नेमलेल्या इंग्रजी नाटकाची एकुलती एक प्रत कपाटातून गायब झाली. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. मामा मला इतिहासाच्या कपाटापाशी घेऊन गेले. जाडजूड गॅझेटिअरांमागून त्यांनी ते नाटक काढलं, बाहीनं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला.

"तुझ्यासाठनं ठेवलंतं. इंग्रजीची पोरं हिकडं फिरकत न्हाईत की."

एवढं मात्र ते कुजबुजत म्हणाले.